बाहेरच्या बाजूची कडी

पाचऱ्याला 'नाही' म्हणता येत नसे. जिभेत काही दोष होता अशातला भाग नाही. शेजारच्या गाळ्यातल्या चष्मेवाल्याशी तो दिवसभर कडाकडा भांडायचा, गिऱ्हाइकानं भलतंच कुलूप आणलं तर त्याची बिनपाण्यानं करायचा. पण घरच्या माणसानं समोर उभं राहून काही मागितलं, की त्याच्या नकाराला उशीर व्हायचा. तो पोटातून निघायचा, घशापर्यंत यायचा, तिथे पायपुसण्यावर पाय पुसत उभा राहायचा. आणि तोवर समोरचा माणूस "मग ठरलं हं" म्हणून चपला घालून गेलेला असायचा.

"तुझं 'नाही' म्हणजे आमच्याकडची जुनी लिफ्ट आहे," चष्मेवाला म्हणायचा. "बटण दाबलेला माणूस जिन्यानं घरी पोचून हातपाय धुतो, तरी ती खालीच असते."

वय त्रेचाळीस, अंगानं काटकुळा. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालचा गाळा; दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती हाताला लागत. भिंतींवर किल्ल्या, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, आणि वर फळ्यांच्या माळ्यावर गादी. लग्न दोनदा ठरलं, दोन्ही वेळा समोरच्यांनी मोडलं. तेव्हाही तो 'नाही' म्हणाला नव्हता.

पाचऱ्या हे नाव आत्यानं ठेवलेलं. आई-वडील लवकर गेले आणि तिन्ही भावंडं आत्याच्या पदरात पडली. ती मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. सकाळी कामाला निघाली, की हा पाच वर्षांचा पोरगा उंबऱ्यावर फतकल मारून बसायचा आणि दार लावूच द्यायचा नाही. थोरला दादा तंगडी धरून ओढायचा, ताई गुदगुल्या करायची, हा ढिम्म. "पोर आहे की पाचर?" आत्या म्हणायची. तेच नाव चिकटलं. मोठा झाल्यावर मात्र त्यानं कुणाच्या कामात कधी पाचर मारली नाही. आत्या म्हणायची, "सगळी लहानपणीच वापरून टाकलीस बघ."

धंद्यात त्याचा एकच हट्ट होता. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला, त्यानं घालून दिलेला नियम. कडी आतल्या बाजूची असेल तर बसवायची, हात झटकायचे, निघायचं. पण कडी बाहेरून लागणारी असेल, तर ज्यानं ती सांगितली त्यानं आत जाऊन बसायचं. आपण बाहेरून लावायची. शंभर आकडे मोजायचे. उघडायची. त्यानंतरही तो माणूस "ठीक आहे" म्हणाला, तर काम पुरं झालं.

गिऱ्हाइकं हसायची. पण बसायची. एका शीतगृहाचा जाडजूड मालक हसत हसत आत गेला आणि चाळीस आकड्यांना दारावर बुक्क्या मारायला लागला. बाहेर आला तो घामानं भिजून, भर थंडीच्या खोलीतून! त्यानं आतल्या बाजूलाही मूठ बसवून घेतली. "दहातल्या सहांना शंभर व्हायच्या आत आतली मूठ आठवते," पाचऱ्या चष्मेवाल्याला सांगायचा. "उरलेल्या चारांना?" "त्यांच्यासाठी मी काम जरा जपून करतो."

एका मंगळवारी सकाळी दादा दुकानात आला. दादा रंगाच्या गोदामात मालाच्या पाठवणीवर मुख्य होता. त्याचं बोलणंही पाठवणीसारखं. विचारायचा नाही, रवाना करायचा.

"काय रे, चाललंय ना?"

"चाललंय. बस."

"बसायला वेळ नाही. एक कडी हवी होती. सरकती, मजबूत."

"कुठल्या दाराला?"

"मधल्या खोलीच्या."

"तिला आहे की. मीच बसवलीय, आतून."

"आतली नको." दादानं भिंतीवरची एक काळी कडी काढून हातात तोलून पाहिली. "बाहेरची."

मधल्या खोलीत आत्या राहायची.

पाचऱ्याच्या हातातली कानस थांबली. पोटातून काहीतरी निघालं, वर यायला लागलं.

"दादा, पण आत्या..."

"आत्यासाठीच. गेल्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून गेली निघून. माहीत आहे ना? तीन तास! आम्ही दोघं कामावर. शेजारचे लोक नसते तर आख्खी इमारत गेली असती. आणि बाई कुठे सापडल्या? त्या बंद कारखान्याच्या पायरीवर. आता तिथे गाड्या लावतात. गाड्यांच्या मध्ये बसली होती, पाच वाजायची वाट बघत."

"मी येत जाईन दुपारचा. बसेन तिच्यापाशी."

"किती दिवस?"

"येत जाईन ना."

"चार दिवस येशील. पाचव्या दिवशी कुणाची तिजोरी अडकेल, की पळालास." दादा हे रागानं म्हणाला नाही. तेच वाईट होतं. तो अगदी मऊ बोलत होता. "रविवारी ये. सकाळी. ठरलं हं."

'नाही' घशापर्यंत आलं तेव्हा दादा कोपऱ्यावर वळत होता.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन. ताई लांबच्या शहरात, वर्षातून एकदा येणारी. पण घरात काय चाललंय ते तिला घरच्यांच्या आधी कळायचं.

"पाचऱ्या, तू म्हणे आढेवेढे घेतोयस?"

"मी काहीच म्हटलं नाही अजून."

"मग घेऊ नकोस. तुला काय रे, एकटा जीव सदाशिव! सगळं दादा-वहिनी बघतात. त्यांनी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"ताई, तू आत्याशी बोललीस का?"

"तिला कशाला त्रास द्यायचा? तिला काय कळतंय आता."

बुधवारी वहिनी आल्या, शाळेच्या कार्यालयातून परस्पर. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि कागद उलगडला. पातेलं होतं. बूड कोळशासारखं, आत एक तपकिरी कवच.

"बघा भाऊजी."

पाचऱ्यानं पाहिलं.

"हात लावून बघा ना. मी घासलं नाही. मुद्दाम ठेवलंय. रोज कामावर बसते आणि मला हे दिसतं. फोन वाजला की वाटतं, झालं... आली बातमी." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, तिथेच तर पाचऱ्याची पंचाईत होती. "मी काही राक्षसीण नाहीये हो. त्यांचं सगळं मीच करते. अंघोळ मी घालते, केस मी विंचरते. तुम्ही शनिवारी येता, त्या तुम्हाला गोष्टी सांगतात, तुम्ही हसता, निघून जाता. मग आत्या गोड आणि वहिनी कडू!"

"असं कोण म्हणतं, वहिनी?"

"म्हणायला कशाला हवं?" त्यांनी पातेलं परत गुंडाळलं. "रविवारी या. घरचंच काम आहे, परक्याला काय सांगायचं?"

चष्मेवाला पलीकडून ऐकत होता. वहिनी गेल्यावर म्हणाला, "लिफ्ट?"

"गप रे."

"अडकली वाटतं दोन मजल्यांच्या मध्ये."

शुक्रवारी दादाचा फोन आला. एकच वाक्य, आणि ते मात्र अगदी मापात बसलं. "हे बघ, तुला नसेल जमत तर राहू दे. कोपऱ्यावरचा सुतार तयार आहे. तो लावेल सरळ गोदामाचा आडणा, दारभर लांब दांडा. त्याला काय, त्याची कोण लागते ती?"

रात्री माळ्यावर पडल्या पडल्या पाचऱ्यानं स्वतःला पटवलं. सुतार बसवणार असेल तर आपणच बसवलेली काय वाईट? आपला हात हलका. आपण अशी बसवू, की... आणि मग त्याला ती युक्ती सुचली. अर्धा इंची स्क्रू. दिसायला तेच डोकं, तोच घाट. पण लाकडात नखाएवढेच उतरणार. आतून एका म्हाताऱ्या बाईनं खांद्यानं जोर दिला तरी कडी कोयंड्यासकट उपटून येईल. दादा खूश, आत्या मोकळी. 'नाही' म्हणायचीसुद्धा गरज नाही. त्याला शांत झोप लागली.

रविवारी तो पोचला तेव्हा मधल्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. उंबऱ्यावर, दार आणि चौकटीच्या मध्ये, आत्याची एक चप्पल. ती कायम तिथे असायची. वहिनी दिवसातून दहादा उचलायच्या, आत्या अकराव्यांदा ठेवायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

आत्या खाटेवर बसून एका मोज्यात हात घालून तो उजेडाकडे धरत होती. कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तरी घरातला प्रत्येक मोजा तिच्या हाताखालून जायचा.

पाचऱ्यानं टेप काढली.

"माप घेतोयस?" आत्या म्हणाली.

"हो."

"माझं की दाराचं?"

त्याच्या हातातून टेप सुटली आणि सळ्ळकन् आत गेली.

"आत्या, तुला सांगितलं का त्यांनी?"

"नाही. मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही." तिनं मोजा उलटा केला. "तुला विचारलं, कारण तू म्हणणार नाहीस."

तिचं चुकत नव्हतं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. तो खाली बसला, उगाच पिशवीत गिरमिट शोधायला लागला. ते वरच होतं.

"कारखान्यात बाहेरून लावायचे," आत्या म्हणाली. जणू दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेय. "माल चोरीला जाऊ नये म्हणून. आम्ही बावीस जणी आत. पाच वाजता घंटा व्हायची आणि मग कडी निघायची. सरळ काम. एक दिवस घंटा झाली, आणि कडी निघालीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही निघाली. लावणारा विसरून घरी गेला होता. कुणी म्हणे दारू प्याला, कुणी म्हणे बायकोशी भांडला. आम्ही आधी हसलो. मग हाका मारल्या. मग एकीनंच मारल्या, तिला दिवस गेले होते. मग कुणीच नाही."

"किती वेळ?"

"घंटा झाल्यावर मी मोजायचं सोडलं." आत्यानं मोजा घडी करून बाजूला ठेवला. "घरी आले तर तू उंबऱ्यावर झोपला होतास. दाराच्या मधोमध. दादा म्हणाला, हा हलतच नाही. मी म्हटलं, नका हलवू."

मग दादा आला आणि काम सुरू झालं.

दादा खुर्ची ओढून समोर बसला. पाचऱ्यानं खुणा केल्या, गिरमिटानं भोकं पाडली, कडी टेकवली. भट्टीत काळी केलेली, सरकायला लोण्यासारखी. पहिला स्क्रू लावला. दुसरा. तिसऱ्याला दादानं हात पुढे केला.

"बघू."

"काय?"

"स्क्रू."

पाचऱ्यानं दिला. दादानं तो अंगठा आणि तर्जनीत धरला, उजेडाकडे नेला. आत्या मोजा धरायची अगदी तसाच. गोदामात पंचवीस वर्षं माल तपासणाऱ्या माणसाचे डोळे.

"हा अर्धा इंची आहे."

"दार जुनं आहे, दादा. मोठा लावला तर लाकूड चिरेल."

"सागवान आहे." दादा हसला. मनापासून, धाकट्या भावावर हसावं तसा. "लहानपणी शर्टाच्या आत पाटी लपवायचास ना, मार खायच्या दिवशी? तोंडावरून कळायचं." मग हसणं थांबलं. त्यानं खिशातून एक कागदाची पुडी काढली. आत चार स्क्रू होते, दोन इंची, नवे कोरे. त्यानं ते आधीपासूनच खिशात ठेवले होते.

"हे लाव."

पाचऱ्याला उशीर झाला. पुन्हा. त्यानं आधीचे दोन काढले आणि दोन इंची आत घालायला लागला. प्रत्येक आट्याला लाकूड करकरत होतं. आत्या बघत होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. पुसून झाले तरी पुसतच होत्या.

चौथा स्क्रू बसला. पाचऱ्या उठला. घसा खाकरला.

"दादा, नियम आहे माझा."

"कुठला?"

"ज्यानं कडी सांगितली त्यानं आत बसायचं. शंभर आकडे."

"मी? माझ्या घरात?" दादानं वहिनींकडे पाहिलं. "ऐकलंस? मला कोंडायला निघालाय!" वहिनी हसल्या नाहीत. "तूच बस. कारागीर तू. आणि आत्याला सोबत होईल."

हे नियमात नव्हतं. म्हाताऱ्यानं ऐकलं असतं तर हातोडी फेकून मारली असती. पण पाचऱ्या आत गेला. दादानं पायानं चप्पल आत सरकवली. दार लागलं. कडी सरकली, आवाजसुद्धा झाला नाही. आपलंच काम, त्याला वाटलं, किती चांगलं झालंय.

एक, दोन, तीन. खोलीला एकच खिडकी, गज लावलेली. तीस. आत्या खाटेवर, हात मांडीवर. साठ. तिचे ओठ हलत नव्हते. ती मोजत नव्हती. नव्वद. शंभर.

"दादा, झाले शंभर."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज.

"दादा?"

"आहे मी." आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "आत आहेस तोवर एक बोलून घेऊ. तू पळतोस एरवी."

"उघड आधी."

"उघडतो रे. आता कडी बसली. हा विषय संपला. शनिवारी ये, गप्पा मार, चहा पी. पण दाराचं नाव काढायचं नाही. ताईला फोन नाही, शेजाऱ्यांत बोलणं नाही. आमच्या घरात आम्ही काय करतो ते आम्ही बघू. मान्य?"

पाचऱ्यानं दाराला तळवा लावला. मग खांदा. सहजच, बघावं म्हणून. दार तसूभर हललं नाही. दोन इंच. त्याला एकशेतीसच्या आसपास घाम फुटला. शीतगृहाचा मालक आठवला आणि आता त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

"मान्य का?"

आत्या त्याच्याकडे बघत होती. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"मान्य," पाचऱ्या म्हणाला.

कडी सरकली. दादा दारात उभा होता, हसतमुख. "छान झालंय काम. चहा टाक गं याला."

पुढच्या शनिवारी तो गेला तेव्हा दार उघडं होतं, चप्पल उंबऱ्यावर होती. "लावतच नाही आम्ही," दादा आपणहून म्हणाला. "आहे म्हणून आहे." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. पाचऱ्याला बरं वाटलं. इतकं बरं, की त्याच्या मनात शंका यायला हवी होती. आत्या गोष्टी सांगेनाशी झाली होती. तो विचारायचा, "काय झालं आज?" ती म्हणायची, "काही नाही. आज झालंच नाही काही."

तिसऱ्या शनिवारी त्याला दाराशी ओळखीचा वास आला. शिलाई मशीनचं तेल. कडीच्या खाली दारावर एक बारीक ओघळ होता.

"वहिनी, कडीला तेल घातलंत?"

"हो, करकरत होती." वहिनी चटकन म्हणाल्या, आणि मग पदराला हात पुसायला लागल्या.

जी लावतच नाहीत, ती करकरली कशी? पाचऱ्या वाकला. कडीच्या काळ्या दांड्यावर, मधोमध, एक चंदेरी रेघ उमटली होती. सरळ, चकचकीत, कोयंड्याच्या तोंडापर्यंत. ही रेघ त्याच्या धंद्यातल्या माणसाला वाचता यायची, जशी दुसऱ्याला चिठ्ठी वाचता येते. भट्टीत काळ्या केलेल्या लोखंडावर अशी रेघ एकदा-दोनदा सरकवून पडत नाही. रोज सकाळी लावावी लागते. रोज संध्याकाळी काढावी लागते. आणि शनिवारी, तो यायच्या आधी, आठवणीनं काढून चप्पल उंबऱ्यावर ठेवावी लागते.

तो आत गेला. "आत्या, रोज?"

"घंटा होते ना," आत्या म्हणाली. "साडेपाचला. तुझी वहिनी येते आणि उघडते. अजून तरी विसरलेली नाही."

"दिवसभर?"

आत्यानं दाराकडे पाहिलं. तिच्या मांडीवर एकही मोजा नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, रंग घासून एक बशीएवढा डाग पडला होता. खांदा लावून लावून. तिनं जोर देऊन बघितला होता. रोज. अर्धा इंची असते तर पहिल्याच दिवशी...

पाचऱ्यानं पिशवी उघडली आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

"भाऊजी, काय करताय?"

तो बोलला नाही. पहिला स्क्रू फिरायला लागला. दोन इंच म्हणजे पुष्कळ आटे असतात.

"भाऊजी! ह्यांना विचारलंत का? अहो... अहो, इकडे या आधी!"

दादा बाहेरच्या खोलीतून आला तेव्हा दोन स्क्रू जमिनीवर होते. तो एकदम ओरडला नाही. आधी नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "तू मान्य म्हणाला होतास."

"हो."

"शब्द दिला होतास."

"आतून दिला होता." तिसरा स्क्रू निघाला. पाचऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटत नव्हता.

"उद्या ती गॅस पेटवून गेली, गाडीखाली आली, तर? तू जबाबदार? बोल ना! सोपं असतं रे, शनिवारी येऊन चांगलं व्हायचं!" दादाचा आवाज फाटला. पाचऱ्याला एकदम दिसलं, दादाही घाबरलेला आहे. कधीपासूनचा घाबरलेला आहे. त्यानं काही सोपं झालं नाही.

"एक उरलाय," पाचऱ्या म्हणाला. "हा काढायचा नसेल तर आत जाऊन बस. माझं काम पुरं झालेलंच नाहीये. ज्यानं सांगितली तो बसलाच नाही. तिन्ही परत घालतो, कडी लावतो. उद्या सकाळी नऊला बस. साडेपाचला उघडतो."

स्वयंपाकघरात नळ गळत होता. दादानं मधल्या खोलीत पाहिलं. खाट, गजांची खिडकी, दारावरचा घासलेला डाग. त्याची नजर त्या डागावर जरा जास्त वेळ राहिली. एक पाऊल त्यानं पुढे टाकलंसुद्धा. उंबऱ्यापाशी ते थांबलं.

पाचऱ्यानं पाच-सहा श्वास वाट पाहिली. मग चौथा स्क्रू फिरवायला घेतला. कडी त्याच्या तळहातात सुटून आली. तेलानं बुळबुळीत, आणि धरल्या धरल्या कोमट.

दादा वळला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन, दार न लावता, पाठ करून बसला.

"भोकं बुजवू का गं?" पाचऱ्यानं विचारलं.

"राहू देत," आत्या म्हणाली. "तेवढीच हवा." आणि किती दिवसांनी तिच्या गालावर काहीतरी हललं.

ते फार टिकलं नाही. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येत होता, हलका, फोनवरचा. पाचऱ्यानं कान दिला.

"हो, मधल्या खोलीचं दार. गोदामाचा तो आडणाच लावा. उंची नेहमीचीच... नाही, सोमवारी आलात तरी चालेल. जाडी? थांबा हं, बघून सांगते."

चपलांचा आवाज जवळ यायला लागला. पाचऱ्यानं कडी पिशवीत टाकली, आत्याची चप्पल उचलून तिच्या खाटेखाली नीट ठेवली, आणि जिथे ती चप्पल असायची तिथे, दार आणि चौकटीच्या मधोमध, उंबऱ्यावर फतकल मारून बसला. वहिनी हातात टेप घेऊन त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सरका जरा, भाऊजी."

"नाही," पाचऱ्या म्हणाला.